नांवें ठेवण्यापूर्वीं

चंचल मुलाला नांवें ठेवण्याच्या कामीं आपली मराठी भाषा मोठी उदार आहे. वेंधळा, धांदरट, उनाड, द्वाड, धसमुसळा, बेफिकीर हे शब्द तर नित्याचेच. आणि तेही अपुरे पडले तर पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याची म्हण तयारच असते. वर्गांतील शेऱ्यांत, शेजाऱ्यांच्या बोलण्यांत आणि सकाळच्या घरगुती धांवपळींत हे शब्द इतक्या सहजपणें तोंडांतून निघतात कीं, ते आपण एका ऐकणाऱ्या मुलास उद्देशून वापरीत आहों ह्याचेंही भान राहत नाहीं. आम्हीं शिक्षकांनींही ते वापरिले आहेत, हें आरंभींच कबूल करणें बरें. परंतु ह्या नांवांच्या मागें कित्येकदां एक निराळीच गोष्ट दडलेली असते. ती कोणती, आणि ती ओळखल्यावर घरांतील माणसांनीं रोजच्या रोज काय करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

ज्या अवस्थेविषयीं आम्ही लिहीत आहों तिला वैद्यकांत 'एडीएचडी' असें संक्षिप्त नांव आहे. मराठींत तिला अवधानाची उणीव व अतिचंचलता असें म्हणतां येईल. तथापि तिचें मर्म समजण्यास आपल्याच भाषेंतील दोन साधे वाक्प्रयोग अधिक उपयोगी पडतात. 'लक्ष लागणें' ही एक गोष्ट आहे, आणि 'लक्ष लावणें' ही दुसरी. मांजाचा गुंता सोडवितांना, क्रिकेटचा सामना पाहतांना किंवा आवडीचें चित्र काढितांना मुलाचें लक्ष आपोआप लागतें. परंतु पाढे, व्याकरण, दप्तर भरणें अशा नीरस कामांत तें आपण होऊन लागत नाहीं. तें ओढून आणून लावावें लागतें. एडीएचडी असलेल्या मुलाचें लक्ष लागतें, कधीं कधीं तर इतरांहूनही खोल लागतें. पण त्यास तें हवें तेव्हां लावतां येत नाहीं, आणि लागलेलें हवें तेव्हां काढतां येत नाहीं. म्हणून "खेळांत बरें लक्ष लागतें, मग अभ्यासांतच कां लागत नाहीं?" असा जो प्रश्न घरोघर विचारला जातो, त्यांत मुलाच्या लबाडीचा संशय असला, तरी वास्तविक तो त्या अवस्थेचें अचूक वर्णनच आहे.

ह्याच्या जोडीला कांहीं मुलांचे हातपाय क्षणभर स्वस्थ राहत नाहींत, दुसऱ्याचें बोलणें संपण्यापूर्वीं त्यांचें उत्तर बाहेर पडतें, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणें त्यांस जड जातें. उलट कांहीं मुलें, आणि त्यांत मुली पुष्कळ, अगदीं शांत बसून असतात. केवळ मन खिडकीबाहेर गेलेलें असतें. त्यांचा कोणास उपद्रव होत नाहीं, म्हणून त्यांच्याकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. जगांत शंभर मुलांमागें सुमारें पांच मुलांमध्यें ही अवस्था आढळते. साठ मुलांच्या वर्गांत अशीं दोनतीन मुलें असावयाचीं, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

ही आजकालची टूम आहे असें म्हणणाऱ्यांनीं थोडा मागचा इतिहास पाहावा. स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनीं १७९८ सालींच आपल्या ग्रंथांत अस्थिर अवधानाचें वर्णन केलें होतें. लंडन येथें डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचा विचार केला. परंतु त्यांनींही ह्या अवस्थेस नैतिक संयमाचा दोष ठरविलें. म्हणजे नांवें ठेवण्याच्या मोहांतून डॉक्टरही सुटले नाहींत! पुढें १९३७ सालीं अमेरिकेंत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांस एका औषधानें अशा कांहीं मुलांचा अभ्यास सुधारल्याचें दिसून आलें. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथांत ही अवस्था १९६८ सालीं आली, १९८० व १९८७ सालीं तिचें नांव बदललें, आणि एकंदरींत तिच्याकडे पाहण्याची दृष्टि नीतीकडून दूर सरून मेंदूच्या कार्याकडे वळली.

ह्या बदलास सबळ कारण आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, ह्या लक्षणांच्या बाबतींत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यांत अनुवंशाचा वाटा शेकडा ७० ते ८० इतका असतो. अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ मोजली होती. इतर मुलांत हें आवरण साधारणपणें साडेसात वर्षांच्या सुमारास ज्या टप्प्यास पोंचत होतें, तो टप्पा एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास येत होता. वाढीचा क्रम तोच. विलंब मात्र सुमारें तीन वर्षांचा, आणि तोही विशेषेंकरून आवर घालणें, योजना आंखणें हीं कामें करणाऱ्या भागांत. तेव्हां दहा वर्षांच्या मुलानें आपलें सामान सांभाळण्यांत सात वर्षांच्या मुलासारखें वागावें ह्यांत नवल कसलें? "एवढा मोठा झालास तरी" हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं हा हिशेब आठवावा.

आतां आमच्या परिचयाच्या एका मातेची हकीकत सांगतों. तिचा मुलगा पांचवींत होता. रोज कांहींतरी हरवणें, रोज शेरा, रोज रडारड. एके दिवशीं तिनें स्वयंपाकघराच्या फळीवर दोन वाट्या मांडिल्या. मुलास टोंकलें, रागावलें किंवा घाई केली कीं एका वाटींत एक चिंचोका टाकावयाचा. बरें म्हटलें कीं दुसरींत. रात्रीं निजानीज झाल्यावर तिनें मोजलें. पहिल्या वाटींत एकेचाळीस चिंचोके निघाले, दुसरींत दोन. आणि त्या दोहोंपैकीं एक तर त्यानें दूध सांडलें नाहीं म्हणून होता. "मी वाईट आई नाहीं," ती आम्हांस म्हणाली, "पण एकेचाळीस वेळां जें ऐकावयास मिळतें, तेंच खरें असें त्याला वाटत असेल ना?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दप्तर हरवलें तर दुसरें घेतां येतें. आपण वाया गेलों आहों अशी मुलाची एकदां खात्री पटली, म्हणजे ती पुढें वर्षानुवर्षें त्याच्या पाठीशीं राहते. खरा धोका तो हा.

येथें मानसशास्त्राची एक शाखा आपल्या साहाय्यास येते. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन हे १९९८ सालीं तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघाचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांनीं असा आग्रह धरिला कीं, माणसाचें काय बिघडतें एवढेंच न पाहतां त्याचें काय साधतें, कशानें साधतें, ह्याचाही शास्त्रीय अभ्यास व्हावा. तीस सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. सदोदित हसतमुख राहावें किंवा दुःख झांकून ठेवावें असा तिचा अर्थ नव्हे. तिच्यांतून, व तिच्या शेजारच्या संशोधनांतून, घरीं पाळतां येतील अशा कांहीं संवयी आम्ही पुढें मांडितों.

पहिली संवय म्हणजे साधलेलें पाहणें आणि तत्क्षणीं बोलणें. ह्या मुलांस दूरच्या बक्षिसापासून फार थोडें बळ मिळतें. वार्षिक परीक्षेनंतर मिळणारी सायकल आज सायंकाळीं पुस्तक उघडावयास लावूं शकत नाहीं. म्हणून चांगल्या शब्दानें उद्यांची वाट पाहूं नये. तो शब्द नेमका असावा. "शहाणा आहेस" ह्यापेक्षां "मधेंच बोलावेंसें वाटत होतें, तरी थांबलास" हें अधिक कामाचें. म्यूलर व ड्वेक ह्या दोन संशोधक स्त्रियांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, बुद्धीची स्तुति झालेलीं मुलें पुढील अपयशानंतर लवकर खचलीं, आणि प्रयत्नाची स्तुति झालेलीं अधिक वेळ झटत राहिलीं. नेमक्या स्तुतीमुळें मुलाला हेंही समजतें कीं, आपण कोणती गोष्ट पुन्हां करावयाची.

दुसरी संवय म्हणजे आठवण डोक्यांत न ठेवितां घरांत ठेवणें. काय करावयाचें हें ह्या मुलास पुष्कळदां ठाऊक असतें. करावयाच्या क्षणीं तें आठवत नाहीं, एवढेंच. तेव्हां उपदेश वाढविण्यापेक्षां आठवण त्या क्षणाच्या व त्या जागेच्या जवळ नेऊन ठेवावी. दाराजवळ दप्तराची एकच खुंटी असावी. पाण्याची बाटली व डबा ह्यांचीं चित्रें त्याच खुंटीखालीं चिकटवावीं. चार कामें एका दमांत न सांगतां एकच सांगावें, आणि तेंही स्वयंपाकघरांतून ओरडून नव्हे, तर जवळ जाऊन. अभ्यासाचे दहा दहा मिनिटांचे तुकडे करून मधें उठूं द्यावें, आणि वेळ डोळ्यांस दिसावी म्हणून समोर घड्याळ ठेवावें. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनीं १९९९ सालीं 'जर-तर' पद्धतीच्या संकल्पाचें महत्त्व विशद केलें. "मी नीट अभ्यास करीन" असें न म्हणतां "दिवे लागले कीं मी गणिताची वही मेजावर ठेवीन" असें ठरवावयाचें. म्हणजे दिवा लागणें हेंच आठवण करून देतें. २००८ सालीं त्यांनीं व कातेरिना गावरिलोव यांनीं एडीएचडी असलेल्या मुलांवरही हें पाहिलें, आणि अशा संकल्पानें त्यांस स्वतःस आवरणें सोपें गेलें असें आढळलें.

तिसरी संवय रात्रीच्या जेवणाच्या वेळची. २००५ सालीं सेलिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत लोकांस सांगितलें होतें कीं, एक आठवडाभर रोज रात्रीं त्या दिवशीं चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहाव्या, आणि प्रत्येक कां घडली तेंही लिहावें. सहा महिन्यांनंतरही त्या लोकांचें समाधान वाढलेलें व उदासपणा कमी झालेला दिसला. तो प्रयोग प्रौढांचा होता. मुलांकरितां आम्ही त्यांत थोडा फेर सुचवितों. लिहिणें हेंच ह्या मुलांस ओझें वाटतें, म्हणून तोंडानें सांगूं द्यावें. बापानें व आईनेंही आपापल्या गोष्टी सांगाव्या, नाहींतर ती आणखी एक परीक्षा होऊन बसेल. गोष्ट केवढीही लहान चालेल. मात्र "कां घडली" हें विचारावयास विसरूं नये. कारण "मीं वही आदल्या रात्रींच दप्तरांत टाकली होती, म्हणून" असें उत्तर मुलाच्या तोंडून निघतें, तेव्हां आपल्या हातून कांहींतरी होऊं शकतें हें तें स्वतःच्या कानांनीं ऐकतें. ज्या दिवशीं मूल दुखावून घरीं आलें असेल, त्या दिवशीं आधीं त्याचें दुःख ऐकावें. चांगल्या गोष्टींचा बोळा करून त्याच्या तोंडांत कोंबूं नये.

चौथी संवय गुण हेरून त्यास काम देण्याची. २००४ सालीं क्रिस्टोफर पीटरसन व सेलिगमन यांनीं स्वभावाच्या चोवीस गुणांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यांत कुतूहल, धैर्य, विनोद, माया, उत्साह, न्यायबुद्धि असे गुण आहेत, आणि आत्मसंयम हा चोवीसांपैकीं केवळ एक आहे. शाळेंत मात्र बहुधा त्याच एकाची परीक्षा होते! ज्या मुलास स्वस्थ बसवत नाहीं, तोच पाहुण्यांस पाणी नेऊन देण्यांत, आजोबांशीं गप्पा मारण्यांत, बिघडलेला पंखा उघडून पाहण्यांत सर्वांत पुढें असतो. त्याला असें एक काम नेमून द्यावें कीं, जें घरांत खरोखर लागतें आणि जें त्याच्यावांचून अडतें. मात्र एडीएचडी म्हणजे कांहीं दैवी देणगीच, असें म्हणून मुलाचे हाल झांकूं नयेत. गुण आहेत आणि अडचणही आहे, दोन्ही खरें.

पांचवी संवय चालण्याची व निजण्याची. इलिनॉय विद्यापीठांतील टेलर व कुओ ह्या संशोधकांनीं २००९ सालीं सात ते बारा वर्षांच्या सतरा एडीएचडी असलेल्या मुलांस वीस वीस मिनिटें निरनिराळ्या ठिकाणीं फिरविलें. बागेंत फिरून आल्यावर त्यांचें लक्ष, शहराच्या मध्यवस्तींत किंवा घरांच्या रांगांमधून फिरून आल्यापेक्षां, अधिक चांगलें टिकलें. प्रयोग लहान आहे. पण वीस मिनिटांस दाम पडत नाहीं. अभ्यासापूर्वीं झाडें असलेल्या वाटेनें एक फेरी मारावी. निजण्याची वेळ ठरलेली असावी, आणि त्या वेळीं मोबाइल मुलाच्या उशाशीं नसावा. अपुऱ्या झोंपेनें ज्याचें त्याचें लक्ष उडतें, ह्या मुलांचें तर फारच.

सहावी संवय पुन्हां आरंभ करण्याची, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वरील संवयी दहा दिवस चालतील आणि अकराव्या दिवशीं मोडतील. नवेपणा ओसरला कीं ह्या मुलांचें मन उडतें. शिवाय अनुवंशाचा जो वाटा वर सांगितला, त्यामुळें आईस किंवा बापासही पुष्कळदां हीच अडचण असते, आणि त्यांनाही लहानपणीं हींच नांवें ठेविलेलीं असतात. मोडलेल्या संवयीवरून कोणी कोणास दोष देऊं नये. "राहिलें; आजपासून पुन्हां" एवढें म्हणून खुंटी नव्या जागीं ठोकावी, चित्रें नवीं काढावीं. रागाच्या भरांत वडील माणूस भलतें बोलून गेलें, तर त्यानें मुलाजवळ जाऊन "माझें चुकलें" असें म्हणावें. चूक कशी दुरुस्त करावी ह्याचा धडा मुलास ह्यापरता चांगला कोठेंही मिळणार नाहीं.

ह्या संवयींनीं एडीएचडी बरी होते असा आमचा दावा मुळींच नाहीं. अमेरिकेंत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या व १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत, केवळ वर्तनोपचारापेक्षां काळजीपूर्वक दिलेल्या औषधानें मुख्य लक्षणें अधिक आटोक्यांत आलीं; दोन्हींची जोड दिल्यावर आईबापांशीं संबंध वगैरे कांहीं बाबतींत आणखी लाभ दिसला. म्हणून औषधाचा निर्णय डॉक्टरांशीं बोलून करावा; शेजाऱ्यांच्या भीतीनें तें टाळूं नये, किंवा दुसऱ्या मुलाचें आपल्या मुलास देऊं नये. तसेंच प्रत्येक खोडकर मुलास हें नांव चिकटविणें हाही अन्यायच होय. लक्षणें बारा वर्षांच्या आधींपासून असावीं लागतात, निदान सहा महिने टिकावीं लागतात, आणि तीं घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसावीं लागतात. ऐकूं कमी येणें, नजर अधू असणें, अपुरी झोंप, घरांतील एखादें दुःख ह्यांनींही मूल असेंच वागूं शकतें. ह्याचा निवाडा बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञच करूं शकतात. कोठें जावें हें न सुचल्यास सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस ह्या सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतूनही विचारतां येतें.

विद्यार्थीमित्रहो, आतां दोन शब्द तुमच्याशीं. तुमच्या बाकावर बसणारा जो मित्र रोज पेन्सिल मागतो, त्याच्या फजितीवर हंसणें सोपें आहे. त्याऐवजीं घंटा झाल्यावर "गृहपाठ लिहून घेतलास का?" एवढें हळूच विचारावें. आणि हा लेख वाचतांना तुमच्यापैकीं कोणास हें आपलेंच वर्णन आहे असें वाटलें असेल, तर त्यानें तें घरीं किंवा ज्यांच्यावर विश्वास असेल अशा शिक्षकांस सांगावें. मदत मागणें हा शेरा नव्हे.

त्या मातेच्या वाट्या अद्याप फळीवर आहेत. पहिली रिकामी झालेली नाहीं, आणि ती कधीं होईल अशी तिची अपेक्षाही नाहीं. दुसरींत मात्र आतां रोज मूठभर चिंचोके पडतात. गेल्या महिन्यांत एका रात्रीं जेवतांना मुलानें दोन गोष्टी सांगितल्या आणि तिसरीसाठीं तो बराच वेळ अडून राहिला. मग भाताचा घांस हातांत तसाच धरून तो म्हणाला, "आई, आज सकाळीं तूं मला एकदांच हांक मारलीस." कां घडली, हें तिनें रिवाजाप्रमाणें विचारलें. "तूं जवळ आली होतीस, म्हणून," असें त्यानें उत्तर दिलें आणि घांस तोंडांत घातला.